समुद्र ऐकण्याचं काम: त्यासाठी शिकायचं काय?

‘मला समुद्रातल्या प्राण्यांच्या आवाजांवर काम करायचंय,’ असं बारावीतल्या मुलीनं सांगितलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘त्यात नोकरी कुठे आहे?’ प्रश्न रास्त आहे. पण हे काम नेमकं काय असतं ते आधी समजून घ्यायला हवं.

पाण्यात उजेड फार खोल जात नाही. आवाज मात्र सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगानं जातो. म्हणून समुद्रातल्या कितीतरी प्राण्यांचं जगणं आवाजावर चालतं. हंपबॅक देवमासे गातात. डॉल्फिन टकटक आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात. आपल्या बाजारात येणाऱ्या घोळ माशाच्या कुळातले मासे पोटातली हवेची पिशवी स्नायूंनी थरथरवून घुमल्यासारखा आवाज काढतात. पाण्याखालचा मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, हे सगळं टिपतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सेकंदाला 96,000 नमुने घेणारा एकच हायड्रोफोन दिवसाला 16 जीबीच्या आसपास डेटा साठवतो. तो बसून ऐकायला माणसं कुठून आणणार?

इथे डेटा सायन्स लागतं. आवाजाचं चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, काढायचं आणि अशी हजारो चित्रं दाखवून संगणकाला देवमाशाचा आवाज ओळखायला शिकवायचं. अमेरिकेची ‘नोआ’ ही सरकारी संस्था आणि गूगल यांनी पॅसिफिक महासागरातल्या 1,70,000 तासांहून अधिक ध्वनिमुद्रणांतून हंपबॅकची गाणी याच पद्धतीनं शोधली.

वाचताना हे सोपं वाटतं, म्हणून एक हिशेब करून बघा. वर्षभराचं ध्वनिमुद्रण पाच-पाच सेकंदांत कापलं तर सुमारे 63 लाख तुकडे होतात. समजा, त्यांतल्या 500 तुकड्यांतच देवमासा आहे. तुमचं मॉडेल, म्हणजे असा शिकवलेला प्रोग्राम, देवमासा नसलेल्या 100 तुकड्यांपैकी फक्त एकाला चुकून ‘देवमासा’ म्हणतं. तरीही 63,000 खोट्या नोंदी हाती येतात आणि खऱ्या 500 त्यांत हरवतात. ही चूक बोटीच्या इंजिनामुळे झाली, की नांगी फटकारणाऱ्या कोळंबीमुळे, की मुद्रणयंत्राच्याच खरखरीमुळे, हे ओळखणारा माणूस या क्षेत्रात मोलाचा. नुसतं मॉडेल चालवणारे पुष्कळ मिळतात.

या ओळखण्याचा उपयोग थेट असतो. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा खाडीत 2020 मध्ये ‘व्हेल सेफ’ ही यंत्रणा सुरू झाली. तिथला बोया निळ्या देवमाशांचे आवाज टिपतो, संगणक ते निवडतो, तज्ज्ञ तपासतात, आणि जहाजांना वेग कमी करण्याची सूचना जाते. जहाजाची धडक हे देवमाशांच्या मृत्यूचं मोठं कारण आहे, त्यामुळे त्या एका सूचनेनं जीव वाचू शकतो.

आपल्या दाराशी तर याहून निकडीचं काम पडून आहे. जगातले बहुतेक हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जातात, अरबी समुद्रातले मात्र वर्षभर इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्याजवळच्या त्यांच्या संख्येचा अंदाज शंभराच्याही आत आहे. गोव्याच्या किनाऱ्याजवळ नोंदलेल्या त्यांच्या गाण्यांवरचा शोधनिबंध 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणच्या लांबलचक किनाऱ्यावर असं ऐकत राहायला माणसं हवी आहेत, आणि ती मराठी मुलं का असू नयेत?

आता शिक्षणाचं. पदवीच्या नावात ‘सागरी’ आणि ‘डेटा’ दोन्ही शब्द हवेत, असा हट्ट धरू नका. भौतिकशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स वा संगणक अभियांत्रिकी, असा पाया घ्या. सिग्नल प्रोसेसिंग, संभाव्यता आणि पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की करा. जीवशास्त्राची आवड असेल तर बीएस्सी झूलॉजीही चालेल, पण मग गणित सोडायचं नाही. एवढी एकच अट मी आग्रहानं घालेन. पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठ आणि कोचीचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ (कुसॅट) आहे. संशोधनासाठी दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आहे.

पालकांनो, हेही स्पष्ट सांगायला हवं. नेमक्या याच कामाच्या कायम नोकऱ्या भारतात थोड्या आहेत. सुरुवातीला बहुधा मुदतीच्या प्रकल्पांवर काम मिळतं, आणि पीएचडीची वर्षं धरूनच घरचं गणित मांडावं लागतं. पण गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढण्याचं हे कौशल्य सोनार यंत्रणेला लागतं, यंत्रांच्या कंपनांवरून बिघाड ओळखायला लागतं, वाणी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरलाही लागतं. समुद्रातली वाट काही काळ थांबली तरी पोटापाण्याची वाट बंद होत नाही.

आवड खरी आहे की नुसती भुरळ, हे प्रवेशाचे लाखो रुपये भरण्याआधी तपासता येतं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे खाडीत सुमारे 900 मीटर खोलीवर ठेवलेल्या हायड्रोफोनची मुद्रणं सगळ्यांसाठी खुली आहेत. पायथॉननं त्यांचे स्पेक्ट्रोग्राम फुकट काढता येतात. मे महिन्याच्या सुट्टीत मुलीला त्यातले काही तास घेऊन बसू द्या. कुठला आवाज कशाचा, हे तिनं स्वतः लिहून काढावं, दुसऱ्या दिवशी तेच तुकडे पुन्हा ऐकावेत आणि आपलीच उत्तरं किती जुळतात ते मोजावं.