'पगार' : एका शब्दाची जन्मकथा

'पगार' हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की तो परका असेल अशी शंकाही कोणास येत नाही. परंतु तो संस्कृत नाही, फारसीही नाही. तो पोर्तुगीज आहे. १५३४ साली वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. गोव्यात तर त्यांची सत्ता १९६१ पर्यंत होती. या सहवासात पाव, चावी, साबण यांच्याबरोबर पगारही मराठीत आला.

पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत 'पगार' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. इटालियनमध्ये तेच 'पगारे', फ्रेंचमध्ये 'पेये', आणि फ्रेंचवरूनच इंग्रजी 'पे'. या सर्वांचे मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. 'पाक्स' म्हणजे शांतता. देणे फिटले की धनको शांत होतो, तंटा मिटतो. म्हणून 'शांत करणे' याचा अर्थ पुढे 'देणे चुकविणे' असा झाला. रुमानियन भाषेत मात्र याच कुळातील क्रियापद आजही 'समेट करणे' याच अर्थाने वापरतात.

मराठीत येताना क्रियापदाचे नाम झाले आणि अर्थही आक्रसला. पोर्तुगीज माणूस दुकानाचे बिल देतो तेव्हाही 'पगार' हेच क्रियापद वापरतो; आपण नोकरीच्या, तेही बहुधा महिन्याच्या, मोबदल्यालाच पगार म्हणतो.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे हा भेद चांगला जाणवतो. कारखान्यात कायम असलेल्याला पगार, आवणीला जाणाऱ्या बाईला मजुरी, आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबाला आधी उचल व मग आठवड्याची खर्ची. लग्न जुळविताना मुलगा पगारदार आहे का, असेच विचारतात. भट्टीचा हिशेब पावसाळ्याच्या तोंडावर होतो. त्यात बाकी अंगावर निघाली की पुढचा हंगामही त्याच मालकाकडे. उचलीपोटी माणसाला असे कामास बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

उचलीची सुरुवातच कर्जाने होते. पगाराच्या मुळाशी मात्र देणे फिटून दोन्ही बाजूंचे समाधान होणे आहे. या मूळ अर्थाने पाहिले तर आपल्या दोन तालुक्यांत खरा 'पगार' किती हातांना मिळतो, याचा विचार भाषेच्या विद्यार्थ्यानेही करावयास हवा.