पुलाखालची शाळा



ठाण्यास तीन हात नाका नावाचा मोठा चौक आहे. वर पूल, खाली रहदारी. सिग्नल लाल झाला की गाड्या थांबतात. गाड्या थांबल्या की मुले विकायला धावतात. कोणाच्या हाती गजरे, कोणाच्या हाती खेळणी. गावाकडे पाणी नाही, काम नाही, म्हणून त्यांचे आईबाप शहरात आले आणि पुलाखालीच राहू लागले.

अशा जागी वाढलेले मूल पुष्कळ शिकते. सुटे पैसे चटकन मोजते. माणूस पारखते. भूक लागली तरी दम धरते. पण अक्षराशी त्याची गाठ पडत नाही. मोठेपणी ते अंगठा उठवते. कागदावर काय आहे, ते दुसऱ्याला विचारते. मजुरी किती लिहिली, तेही कळत नाही. पुढे त्याचे मूलही त्याच सिग्नलवर उभे राहते.

आई म्हणते, "पोर शाळेत धाडलं तर कमाई बुडते. मग सांजची चूल कशी पेटायची?" तिचे खोटे नाही. शिवाय शाळा दूर, रस्ता धोक्याचा, कपडे मळके. वर्गात पोरे हसतील ही धास्ती वेगळीच.

मग शाळाच मुलांकडे का जाऊ नये? जून २०१६ मध्ये ठाणे महानगरपालिका व समर्थ भारत व्यासपीठ यांनी त्याच पुलाखाली शाळा उघडली. माल वाहण्याच्या लोखंडी पेट्यांचे वर्ग केले. तिला सिग्नल शाळा म्हणतात. आधी अंघोळ, मग खाणे, मग धडा. २०१९ साली तेथील दोन मुलगे दहावी पास झाले.

पण लहानपण गेले, तर वेळही गेली काय? नाही. कवी नारायण सुर्वे यांची गोष्ट पाहा. मुंबईत एका गिरणी कामगाराला ते तान्हेपणी रस्त्यावर सापडले. त्याने पोटच्या पोरासारखे वाढवले. पुढे त्यांनी घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार अशी कामे केली. शाळेत शिपाई झाले. मोठेपणी परीक्षा देऊन शिक्षक झाले. कामगार वस्तीत जे सोसले, पाहिले, त्याचीच त्यांनी कविता केली. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१० साली ठाण्यात त्यांचे निधन झाले.

गरीब वस्तीत जन्मणे हा कुणाचा दोष नव्हे. वस्ती हिंमत देते, तशी वाटही अडवते. अडलेली वाट एकट्याने उघडत नाही. सुर्व्यांना एका कामगाराने उचलले. पुलाखालच्या मुलांकडे शाळा चालत आली. आज तुम्ही हा धडा स्वतः वाचलात. आता शेजारच्या एका मुलाला जवळ बसवा आणि वाचून दाखवा.

प्रश्न
१. मुलाला शाळेत धाडताना आईला कोणती अडचण वाटते?
२. तुमच्या वस्तीने तुम्हाला काय शिकवले? तीन ओळी लिहा.