एकाच नावाच्या दोन आज्ञावली : अग्रमान कोणाला?

वर्गात गणपत नावाचे दोन विद्यार्थी असले आणि गुरुजींनी नुसते नाव घेऊन हाक मारली, तर पुढच्या बाकावरचा गणपत उठतो; मागचा बसूनच राहतो. लिनक्स संगणकाचेही असेच आहे. आज्ञेचे नुसते नाव टंकित केले, की ‘पाथ’ नामक यादीतील जागा संगणक क्रमाने धुंडाळतो. त्या नावाची जी आज्ञावली प्रथम सापडेल, तीच चालवितो. पुढे पाहत नाही. तेव्हा वापरणाऱ्याने स्वतः बसविलेली आज्ञावली पुढच्या बाकावर असावी, की प्रणालीबरोबर आलेली?

रूढ क्रम. डेबियन व उबंटू या लिनक्सच्या प्रचलित आवृत्त्यांत व्यवस्थापकाने बसविलेल्या आज्ञावलींची जागा ‘/यूएसआर/लोकल/बिन’ ही आधी येते. प्रणालीची ‘/यूएसआर/बिन’ ही नंतर. उबंटूमध्ये वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरात ‘बिन’ असल्यास प्रवेशाच्या वेळी त्याला या दोहोंच्याही आधी स्थान मिळते. म्हणजे रूढीने अग्रमान वापरणाऱ्याला दिला आहे.

हे योग्य का? प्रणालीच्या आज्ञावली स्थैर्यासाठी जुन्याच ठेवतात. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ आहे व तेच कायम राहते. एखाद्या शिक्षकास नवे पायथन हवे असल्यास त्याने ते आपल्या जागी बसवावे. मूळच्यास हात लावण्याचे कारण नाही. मात्र ते पुढे आले नाही, तर बसविण्याचा खटाटोप व्यर्थ होय.

धोका कोठे? प्रणालीची कित्येक साधने पायथनमध्येच लिहिलेली असतात. त्यांनी नुसते ‘पायथन’ म्हणून हाक मारली व नवे पायथन धावून आले, तर त्याच्यापाशी आवश्यक साहित्य नसल्याने काम अडते. म्हणून डेबियनमध्ये प्रणालीच्या साधनांनी पूर्ण पत्त्यानेच पायथनला बोलवावे, असा दंडक आहे. डेबियन १२ पासून ‘पिप’ हे साधनही प्रणालीच्या पायथनमध्ये परस्पर भर घालण्यास नकार देते व स्वतंत्र परिसर तयार करण्यास सुचविते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. समजा, ‘आपण ज्या फोल्डरात आहोत ते’ यादीत सर्वांत आधी घातले आणि एखाद्या खोडकर मुलाने सामायिक फोल्डरात ‘एलएस’ नावाची स्वतःची आज्ञावली ठेवली. व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या गुरुजींनी तेथे फाइलींची यादी पाहण्यास ‘एलएस’ लिहिले, की मुलाची आज्ञावली गुरुजींच्या अधिकाराने चालेल. मग इतर मुलांचे कामही सुरक्षित राहणार नाही. याकरिता चालू फोल्डर यादीत मुळीच नसते. आणि ‘सुडो’ने व्यवस्थापकाचे काम करताना डेबियन व उबंटू वापरणाऱ्याची यादी न घेता स्वतःची ठरीव यादी घेतात.

तात्पर्य. ज्याने त्याने आपल्या कामापुरता आपल्या निवडीस अग्रमान द्यावा. यंत्राच्या स्वतःच्या आणि इतरांच्या कामात तो चालू देऊ नये.

वर्गात करावयाचा प्रयोग. (आज्ञा रोमन लिपीतच लिहाव्यात.)

१. उबंटूवर विद्यार्थ्याच्या घरच्या फोल्डरात ‘बिन’ फोल्डर करावे. त्यात ‘डेट’ नावाची, केवळ ‘ही माझी आज्ञावली’ असे छापणारी फाइल ठेवून तिला चालविण्याची अनुमती द्यावी.

२. बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा व ‘डेट’ लिहावे. दिनांकाऐवजी वरील वाक्य उमटेल.

३. ‘/यूएसआर/बिन/डेट’ असा पूर्ण पत्ता लिहावा. खरा दिनांक येईल.

४. ‘टाइप -ए डेट’ लिहावे. दोन्ही गणपत क्रमाने दिसतील.

५. शेवटी ती फाइल काढून टाकावी व नवी खिडकी उघडून ‘डेट’ पुन्हा तपासावे.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न. मूळची ‘डेट’ नष्ट झाली होती काय? शेजारच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने प्रवेश केला असता त्याला कोणते उत्तर मिळाले असते, व का?