स्प्रिंगा कुठे गेल्या गं?

आजोबांची मॉरिस मायनर पडेगावच्या शेडमधून निघाली आणि पहिल्याच दिवशी तुला रडू कोसळलं म्हणे. पुढच्या चाकांना स्प्रिंगाच नाहीत, कुणीतरी विकून खाल्ल्या, असंच ना? खरं सांगू का, आमची गाडी आली तेव्हा मीही हेच म्हणत शेडच्या राखणदाराशी भांडून आले होते! मग चटई टाकून गाडीखाली शिरले, तर पुढच्या चाकापासून थेट सीटखालपर्यंत गेलेला एक लांब गज दिसला. टॉर्शन बार. दणक्याने चाक वर उचललं की तो पिळला जातो, दणका ओसरला की पीळ सुटतो आणि चाक जागेवर. इसिगोनिससाहेबाने १९४८ साली गाडी काढली तीच अशी. राखणदाराला पेढे नेऊन द्यावे लागले.

तेव्हा बघ, काही विचित्र दिसलं की आधी विचार, हे मुळात असंच होतं का? बॅटरीचंच घे. हिच्यात प्लस बॉडीला लागतो. मी आजच्या गाड्यांसारखा मायनस लावला आणि डायनॅमोचा कटआउट जाळून बसले. एसयू कार्बोरेटरचंही तसंच. पिकअप घेताना गाडी आचके देते? कार्बोरेटर बदलायला सांगतील, ऐकू नकोस. डोक्यावरची टोपी उघड, आत फोडणीपुरतं तेल घाल. इंजिन ऑइल गं, शेंगदाण्याचं नव्हे! त्याने आतला पिस्टन एकदम उडत नाही.

आणि पाने सुताचेच आण. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे चार सुताच्या डोक्याच्या बोल्टाला तेरा नंबर लागल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की कोपरेच झिजतात. माझे सहा बोल्ट छिन्नीने काढावे लागले.

मारुतीचं इंजिन बसवा, असं दहा जण सांगतील. मोह होईल, उन्हाळ्यात जालना रोडवर बंद पडलीस की जास्तच. पण २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद हवी, तर इंजिन, चासी, बॉडीत मोठा फेरफार चालत नाही. फी वीस हजार आहे, आत्तापासून बाजूला टाक.

पुढच्या चाकाच्या सांध्याला, म्हणजे ट्रनियनला, ग्रीस मात्र आजच भर. ते कोरडं राहिलं तर चालत्या गाडीचं चाक बसतं. बाकी इंडिकेटरचा हात वर येत नाही, ते रविवारी बघू. जुनी साडी नेसून ये.