पैसा आहे, द्यायचा कुणाला?

नाशिक जिल्ह्यातल्या एका मध्यम कारखान्याच्या फाउंडेशनचं काम मी बरीच वर्षं पाहिलं. आलेले अर्ज चाळायचे, गावं बघून यायची, विश्वस्तांपुढे टिपण ठेवायचं. पैसा कमावणं कठीण आणि वाटणं सोपं, असा सर्वांचा समज असतो. कमावण्याबद्दल मला सांगता येणार नाही. वाटण्याबद्दल, या क्षेत्रात नव्याने आलेली मुलं-मुली विचारायला येतात तेव्हा जे सांगतो, ते इथे लिहितो.

१. अर्जांच्या गठ्ठ्यात गरज शोधू नका

पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि एप्रिल-मेमध्ये बाया झऱ्यात वाटी बुडवून हंडा भरतात. त्या पाड्यांवरून आमच्याकडे अर्ज क्वचितच यायचा. येणार कसा? नोंदणीकृत संस्था हवी, प्राप्तिकराची १२ ए आणि ८० जी मान्यता हवी, ऑडिटचे अहवाल हवेत, आता सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा तर सीएसआर-१ची नोंदणीही हवी. हे सगळं ज्यांच्याकडे असतं ते बहुतेक रस्त्यालगत, शहराजवळ असतात. एकाच सल्लागाराने लिहिलेले, गावाचं नाव तेवढं बदललेले प्रस्तावही मी वाचले आहेत. टंकलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. म्हणून आम्ही रकमेचा एक हिस्सा अर्ज न करणाऱ्या गावांसाठी बाजूला काढायला लागलो. तिथे कागदपत्रं असलेली जवळपासची संस्था शोधून काम तिच्यामार्फत करायचं. गाव कुठलं, हे सांगायला आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मुक्कामी एसटीचा कंडक्टर यांच्याइतकं जाणकार कुणी नाही.

२. विचारायचं कुणाला, तेही ठरवा

दिवसा गेलात तर सरपंच आणि ग्रामसेवक भेटतात. चहा होतो. मागणी येते सभामंडपाची, कमानीची, हायमास्ट दिव्याची. त्यात खोटं काही नसतं, गावाला तेही हवंच असतं. पण संध्याकाळी चुली पेटायच्या आधी बायकांमध्ये बसलं की यादी बदलते.

एका पाड्यासाठी आमच्याकडे डिजिटल वर्गाचा प्रस्ताव होता. बायका म्हणाल्या, वर्ग करा, पण पोरं असतील तर ना. भात-नागलीची कापणी उरकली की घरंच्या घरं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि मुलं सोबत जातात. पटावर नावं आणि वर्गात फळा, एवढंच उरतं. त्यांना हवं होतं ते साधं : मुलं आजीकडे मागे ठेवली तर संध्याकाळचं गरम जेवण आणि रात्री लक्ष ठेवणारं एखादं माणूस. असं हंगामी वसतिगृह डिजिटल वर्गाच्या खर्चात कितीतरी जास्त मुलांना पुरतं. विश्वस्तांच्या बैठकीत मात्र ते पटवायला वेळ लागला, कारण खिचडीच्या पातेल्याचा फोटो वार्षिक अहवालात शोभत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ या आपल्या संस्थेचं काम सुरू केलं. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे या डॉक्टरांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतींची भीती वाटते, असं उत्तर आलं. म्हणून शोधग्राम या संस्थेच्या वसाहतीतलं रुग्णालय झोपड्यांच्या घडणीचं झालं आणि त्याला आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. देणगी देणाऱ्याने इमारतीचा नकाशा आधीच मंजूर करून ठेवला असता, तर हे झालंच नसतं.

३. कायदा स्वतः वाचा

सीएसआरचा कायदा म्हणजे कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ आणि सातवी अनुसूची. १ एप्रिल २०१४पासून लागू. ठरावीक उलाढालीच्या, निव्वळ मालमत्तेच्या किंवा नफ्याच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे, आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं. निव्वळ आपल्या कामगारांसाठी केलेला खर्च यात धरत नाहीत, राजकीय पक्षांना दिलेलाही नाही. वाचायला एक संध्याकाळ पुरते. तरी बरेच जण ऐकीव माहितीवर चालतात.

४. पाच वर्षांनी हे कोण चालवणार?

माझ्या मते निवडीचा अर्धा निकाल या एका प्रश्नात लागतो. आरओचा प्लांट बसवायला सगळे तयार असतात. पुढे मेंब्रेन बदलायचं कुणी, वीजबिल भरायचं कुणी, हे ठरलेलं नसतं. जिल्ह्यात फिरलात तर दात्याच्या नावाची चकचकीत पाटी आणि आत कोरडा नळ असलेल्या खोल्या तुम्हालाही दिसतील. आम्ही नंतर गावाची लोकवर्गणी असल्याशिवाय पाण्याच्या कामाला हात लावला नाही. रक्कम लहान असो, पण ज्याने पन्नास रुपये दिलेत तो नळ बंद पडला की बोंब मारतो. ती बोंब हीच खरी देखभाल.

याच्या जोडीला आणखी एक पाहावं : जे काम सरकारने करायचंच आहे, ते आपण अंगावर घेतो आहोत का? शिक्षकाची रिकामी जागा फाउंडेशनच्या मानधनावर भरली की ती जागा रिकामीच राहायची सोय होते. कधी कधी तरीही भरावी लागते, कारण मुलांचं वर्ष थांबत नाही. मग मुदत लिहून द्या, आणि पंचायत समितीत पाठपुराव्यालाही माणूस लावा.

५. विश्वस्ताच्या जिव्हाळ्याला हसू नका

मेहेरबाई टाटा १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, तो याच आजारावरच्या संशोधनासाठी. कुठलंही सर्वेक्षण न करता, दुःखातून निवडलेलं हे काम आजवर टिकलं. तेव्हा एखादा विश्वस्त आपल्या आजारी भावामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आग्रह धरत असेल, तर त्याला वाट द्यावी. फक्त बजेटमधला वाटा आधी ठरवून घ्यावा. आत्मीयता असलेला विश्वस्त दवाखान्यात स्वतः जाऊन बसतो, हा फायदा कुठल्याही गुणतक्त्यात दिसत नाही.

६. नकार लवकर आणि लेखी

‘बघू’ म्हणून सहा महिने लटकवू नका. तेवढ्यात त्या संस्थेने दुसरा दाता गाठला असता.

७. मार्चअखेरची घाई

फेब्रुवारी उजाडला की शिल्लक पैसा बोचायला लागतो. मग दप्तरं वाटली जातात, वह्या वाटल्या जातात, आणि एकदा तर नाशिकच्या मार्चातल्या उन्हात ब्लँकेटं वाटलेली मी पाहिली. २०२१पासून याला निमित्त उरलेलं नाही. चालू असलेल्या बहुवर्षीय कामाचा अखर्चित निधी आर्थिक वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्चता येतो. म्हणजे तीन वर्षांचं काम निवडा. एका वर्षात उरकणारी कामं आठवणीतूनही तितक्याच लवकर उरकतात.

८. पगाराला पैसे द्या

इमारतीला दाता मिळतो, रुग्णवाहिकेला मिळतो, कारण त्यांच्यावर नाव रंगवता येतं. ती रुग्णवाहिका चालवणाऱ्या ड्रायव्हरला दाता मिळत नाही. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, असं सांगून संस्थांचे पगार कापले जातात. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा, त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च त्यात मोजतच नाहीत. वसतिगृहातली ताई, पाड्यावर फिरणारा कार्यकर्ता हा प्रकल्पाचाच खर्च आहे. आमच्या फाउंडेशनची जी कामं टिकली, त्यांतल्या बहुतेकांत आम्ही माणसांचे पगार दिले होते. बंद पडलेल्यांत आम्ही वस्तू दिल्या होत्या.

तुम्ही अशा एखाद्या समितीवर असाल, तर येत्या बैठकीत मंजुरीसाठी आलेल्या प्रस्तावांत मानधनाचा रकाना उघडून बघा. तिथे शून्य असेल, तर संस्थेला फोन करून तो भरायला सांगा आणि मगच सही करा.