सैल स्टिअरिंगचे निदान

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपचे स्टिअरिंग चार बोटे फिरवले तरी चाके हलत नाहीत. मिस्त्री स्टिअरिंग बॉक्स आवळून देतो म्हणतात. घ्यावा काय?

उत्तर : तूर्त नको. स्टिअरिंग आणि चाक यांच्या दरम्यान अनेक सांधे असल्यामुळे, नेमका कोणता झिजला याची खातरजमा केल्यावाचून बॉक्सवर दोषारोप ठेवणे म्हणजे पंचनाम्याआधीच निकाल देणे होय. चाके जमिनीवर टेकलेली ठेवून एकाने स्टिअरिंग किंचित डावीउजवीकडे हलवावे आणि आपण खाली वाकून गती कोठे लुप्त होते ते पाहावे. बॉक्समध्ये शिरणारा दांडा फिरूनही बॉक्समधून बाहेर येणारा पिटमन आर्म स्तब्ध राहिला, तर बॉक्स झिजला. आर्म हलूनही टाय रॉडच्या टोकाचा गोळा वाटीत नुसताच उचलला गेला, तर ते टोक बदलावे. बॉक्सला चेसिसशी जखडणारे बोल्टही तपासावेत. ते फार फसवतात. मग चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवावे : ब्रेक दाबताच खडखड थांबली तर बेअरिंग, एरवी किंगपिन किंवा बॉल जॉइंट. बॉक्स मध्यभागीच अधिक झिजत असल्याने त्याचा स्क्रू बेसुमार आवळल्यास वळणाच्या टोकांना स्टिअरिंग अडकते. म्हणून तो इलाज अखेरचा. टाय रॉडचा गोळा वाटीतून निसटण्याइतका सैल आढळला, तर मात्र गाडी चालवत गॅरेजात नेऊ नये, पुढची चाके उचलून ओढून न्यावी.