शिकवणी न लागणारी पोरं

चंबळकाठच्या एका कासव संगोपन केंद्रात हौशी मदतनीस म्हणून काही काळ राहिलो. टाक्या घासल्या, पाला चिरला, वजनं घेतली. तिथं उमगलेलं थोडं.

१. कासवाच्या पिल्लाला आई लागत नाही. वाचलं होतं, पण माझ्यातल्या बापाला पटेना. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळूत अंडी घालून जाते ती परत फिरकत नाही. तेव्हा ‘नदीत सोडल्यावर याला कोण शिकवणार?’ हा घोर माझा होता, पिल्लाचा नव्हे. पोहणं, ऊन खायला ओंडक्यावर चढणं, चाहूल लागताच पाण्यात सटकणं, हे सगळं ते जन्मतःच घेऊन येतं.

२. आपण देतो ते फक्त मोठेपण, तेही मापाचं. अंडी कोल्हे उकरतात, पिल्लं पक्ष्यांच्या नि माशांच्या तोंडी जातात. कवच वाढून टणक झालं की बरेच शत्रू गळतात. म्हणून टाकी. पण टाकीला ना प्रवाह, ना पूर. पाल्याची टोपली दिसताच केंद्रातली ‘लाल मुकुट’ जातीची पिल्लं कडेला गोळा व्हायची आणि मी उगाच धन्य व्हायचो. माणूस आला की जेवण आलं, एवढा एकच धडा ती आमच्याकडे शिकली होती, आणि नदीत तोच घातक!

३. सोडलं म्हणजे तिथंच राहिलं, असं नाही. २०२२ मध्ये सुंदरबनात बाटागूर बास्का जातीची १० कासवं उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडली. त्यातलं एक थेट बांगलादेशात पोचलं. पासपोर्टचा प्रश्न त्याला पडला नसावा. अमेरिकेतल्या गोफर कासवांना मोकळं करण्याआधी त्याच जागी काही महिने कुंपणात ठेवलं, तर ती पुढे कमी भटकली. जागा अंगवळणी पडायला वेळ लागतो. भाड्याची घरं बदललेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

४. पाळणाघर चांगलं असून भागत नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या केम्प्स रिडली कासवांची हजारो पिल्लं १९७८ ते १९९२ या काळात टेक्सासात वाढवून समुद्रात सोडली. १९९६ मध्ये त्यांतल्या माद्या टेक्सासच्याच पाड्रे बेटावर अंडी घालायला आल्या, हे वाचून मी एकटाच टाळ्या पिटत बसलो होतो. पण कोळंबीच्या जाळ्यात मोठी कासवं गुदमरत राहिली, तर पिल्लं वाढवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. आधी जाळ्याला सुटकेची वाट हवी, मग टाकी. माझं मत आता पक्कं आहे.

५. काही कासवं नको इतकी रुळतात. बाजारात मिळणारं लाल कानपट्टीचं चिमुकलं कासव मूळ अमेरिकेतलं. ते ताटाएवढं झालं की लोक पुण्य समजून तळ्यात सोडतात. तिथं ते मजेत जगतं आणि आपल्या कासवांच्या खाण्यात, उन्हाच्या जागेत वाटेकरी होतं. तुमच्याकडे असं एखादं असेल, तर कृपा करून नदी-तळ्यात सोडू नका. वनविभागाला किंवा जवळच्या वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा.